यात्रेत घोड्यांची शर्यत आहे, बघणारी माणसं कुठं उभी करायची?

धुऱ्यावरचा_लोहा

नमस्कार मंडळी. गावच्या यात्रेत तिसऱ्या दिवशी घोड्यांची शर्यत ठरली आहे आणि कमिटीनं बघणाऱ्या लोकांची व्यवस्था माझ्याकडं दिली आहे. रान सहा एकर, उत्तर-दक्षिण. लांबी ५२० मीटर, रुंदी ४६ मीटर. सोयाबीन निघालेलं काळं रान आहे. दक्षिणेच्या धुऱ्याला लागून डांबरी रस्ता, ईशान्य कोपऱ्यात जुनी विहीर, तिला कठडा नाही. घोडे १८, तीन-तीनच्या सहा फेऱ्या, मग फायनल. उत्तरेकडून सोडायचे आणि ४५० मीटर पळवायचे असा बेत आहे. माणसं तीन हजारांच्या आसपास येतील, बायका-लेकरं बरीच असतील. दोन्ही बाजूंनी बल्ल्या रोवून नायलॉनची दोरी बांधायची आणि फक्की मारायची, एवढंच ठरलंय. यात काय चुकतंय? आणि फलकावर लोकांसाठी कोणते नियम लिहावेत?

पागेवाला_कंधार

दादा, आधी ते ४५० मीटर सोडा. घोडे उभे करायला आणि वळवायला उत्तरेला ३०-४० मीटर लागतातच. म्हणजे शेवटच्या रेघेनंतर तुमच्याकडं तीस-चाळीस मीटर उरतात, आणि पुढं डांबरी रस्ता. चौखूर सुटलेला घोडा ताशी ५० किलोमीटरनं गेला तरी सेकंदाला १४ मीटर कापतो. तीन सेकंदांच्या आत तो रस्त्यावर. स्वारानं रेघेवरच लगाम खेचला तर घोडा तोंड वर करतो, मागचे पाय घसरतात आणि स्वार मानेवरून पुढं जातो. घोड्याला चौखुरावरून दुडकीवर आणि दुडकीवरून चालीवर यायला जागा हवी. तुमच्या रानाचा हिशोब असा करा: ४० मीटर सुरुवातीला, ३०० मीटर शर्यत, १८० मीटर थांबायला. बरोबर ५२० होतात. तीनशे मीटरमध्ये लोकांना बघायलाही भरपूर मिळतं.

दुसरं, माणसं दोन्ही बाजूंना उभी करू नका. घोडा बुजला तर त्याला निसटायला एक बाजू मोकळी पाहिजे. दोन्हीकडं माणसांची भिंत असेल तर तो त्यातल्या एका भिंतीत शिरतो. माणसं सगळी पश्चिमेला ठेवा. दुपारनंतरचं ऊन त्यांच्या पाठीवर राहील, डोळ्यांवर हात धरून पुढं झुकायची पाळी येणार नाही. पूर्वेकडं १० मीटरचा पट्टा पूर्ण रिकामा ठेवा. तिथं कमिटीची खुर्ची नको आणि फोटोवालाही नको. पळून झालेले घोडे परत आणायची वाटही तीच.

आता खरी गोष्ट. गावच्या शर्यतीत माणूस तुडवला जातो तो बहुतेक पहिल्या घोड्याखाली नाही, मागच्या घोड्याखाली. पहिला घोडा समोरून गेला की लोकांची नजर त्याच्या पाठीमागं जाते, पाय आपोआप पुढं पडतात आणि घोडे पळायची पट्टी मिटत जाते. दुसरा-तिसरा घोडा ३०-४० मीटर मागं असतो, म्हणजे दोन-तीन सेकंद. १२ मीटर रुंदीची पट्टी पळत ओलांडायला लेकराला चार सेकंद लागतात, तेवढ्यात घोडा ५५ मीटर आलेला असतो. म्हणून तीन-तीनच्या फेऱ्या नकोत. एकेक घोडा सोडा आणि सेकंदावर निकाल काढा. मागचा घोडाच नसला तर निम्मा धोका जागेवरच संपतो.

पशुवैद्यक_परभणी

कंधारच्या दादांनी अंतराचं सांगितलं, मी जमिनीचं आणि घोड्याच्या डोळ्यांचं सांगतो.

सोयाबीनची धसकटं वाळली की टोकदार होतात. खुराच्या तळव्यात, मधल्या मऊ भागात, घुसतात. घोडा धावताना अचानक लंगडला की स्वार पडतो. रान रोटाव्हेटरनं तीन-चार इंच हलवून घ्या, मग फळी फिरवा आणि धसकटं हातानं वेचून काढा. तुरीचे किंवा पऱ्हाटीचे खुंट असतील तर ते मुळासकट काढावे लागतात, रोटाव्हेटर ते नुसते तोडतो. काळ्या रानात भेगा असतील तर काठी घालून बघा. वीतभर खोल भेगेत खूर अडकला तर पाय मोडतो. भेग मुरुम टाकून भरा आणि दाबा, वरून नुसती माती ओढू नका.

पाणी टँकरनं आदल्या दिवशी संध्याकाळी मारा, शर्यतीच्या सकाळी नाही. काळी माती वरून ओली आणि खालून कोरडी राहिली की साबणासारखी घसरते. रात्रभरात ओल मुरली की धूळही बसते आणि पकडही राहते. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा, एवढीच ओल हवी.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. बारीक नायलॉनची दोरी त्याला वेगात दिसतच नाही. छातीवर किंवा मानेवर आली की कातडं सोलून जातं. काटेरी तार तर आणूच नका. तुमची फक्की पट्टीच्या कडेनं लांबीच्या दिशेनं मारा. आडवी पांढरी रेघ मारली तर पुष्कळ घोडे तिच्यावरून उडी मारतात किंवा जागेवर थबकतात. शेवटची रेघ जमिनीवर न मारता दोन्ही कडांना उंच खांब उभे करून दाखवा.

प्रत्येक घोड्याच्या मालकाकडून ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागा. हा रोग घोड्या-गाढवांकडून माणसाला लागतो, आणि नमुन्यांची खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. म्हणजे ते काम आठवडाभर आधी आठवून होत नाही, तालुक्याच्या दवाखान्याला आत्ताच कळवा. नाकातून घट्ट पिवळा स्राव वाहत असेल किंवा अंगावर फुटलेल्या गाठी असतील तर तो घोडा रानातसुद्धा येऊ देऊ नका. मोठी दुखापत झाली तर परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुम्हाला कुठलं जवळ पडतं ते आधीच ठरवून गाडीवाल्याला सांगून ठेवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन करा.

धुऱ्यावरचा_लोहा

तीनशे मीटर कमिटीला पटेल. पण एकेक घोडा सोडला तर लोक म्हणतील, ही कसली शर्यत. आणि सगळी माणसं एका बाजूला मावतील का? बल्ल्यांचं नीट कुणी सांगेल का? गेल्या वेळी कुस्त्यांना बांधलेलं कठडं लोकांच्या रेट्यानं आडवं झालं होतं.

पटवाला_सेलू

मावतात. दाटीवाटी न करता चौरस मीटरला दोन माणसं धरा. तीन हजारांना १५०० चौरस मीटर लागतात, म्हणजे २५० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पट्टा. सुरुवातीपासून पहिले ५० मीटर मोकळे सोडा, कारण घोडे सुटताना आडवे-तिडवे होतात. तिथून शेवटच्या रेघेपर्यंत माणसं. रेघेच्या पुढच्या १८० मीटरला कोणत्याही बाजूला एकही माणूस नको. निकाल बघायला लोक नेमके तिथंच धावतात, म्हणून निकाल स्पीकरवरून लगेच सांगा आणि फळा मधोमध, १५० मीटरच्या आसपास लावा. गर्दी फळ्याकडं वळते.

कठडा आडवा का झाला ते सांगतो. आडवे बांबू बहुधा खांबाच्या पलीकडच्या बाजूनं बांधले होते. मग लोकांचा सगळा रेटा गाठींवर येतो आणि गाठ सुटते. माणसांच्या कठड्याला बांबू माणसांच्या बाजूनं बांधा. रेटा आला की बांबू खांबावर दाबला जातो, गाठीला फक्त वजन धरायचं काम राहतं. घोड्यांच्या कठड्याला उलट करा. तिथं बांबू पट्टीच्या बाजूनं हवा, म्हणजे स्वाराचा गुडघा खांबावर आपटत नाही, सपाट बांबूवरून घासून जातो.

दोन कठडे लागतात. माणसांचा एक, आणि त्याच्यापुढं ३ मीटर सोडून घोड्यांचा. ही मधली ३ मीटरची गल्ली फक्त स्वयंसेवकांची. माणसांच्या कठड्याला दर अडीच मीटरला बल्ली, दोन फूट खोल. काळ्या मातीत खड्डा नुसत्या मातीनं भरला तर बल्ली दुसऱ्या दिवशी हलते. विटांचे तुकडे आणि मुरुम टाकून, पाणी मारून, पहारीनं ठासा. आडवे बांबू दोन, एक दोन फुटांवर आणि एक चार फुटांवर. खालचा बांबू लेकरांसाठी आहे, तो नसला तर ती सरळ खालून जातात. २५० मीटरला शंभरावर बल्ल्या आणि वीस फुटी बांबू नव्वद-पंचाण्णव लागतील. बांधायला काथ्या घ्या. सुतळी टिकत नाही, आणि बाइंडिंगच्या तारेची टोकं हात फाडतात. घोड्यांच्या कठड्याला चार फुटांवर एकच बांबू, चुन्यानं पांढरा केलेला. चिंध्या किंवा प्लॅस्टिकच्या पताका लावू नका, त्या फडफडल्या की घोडा बुजतो.

बाहेर पडायला पश्चिमेला तीन-तीन मीटरच्या तीन वाटा ठेवा. सपाट जागेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ६०-७० माणसं निघतात. नऊ मीटरमधून तीन हजार माणसं पाच-सहा मिनिटांत रिकामी होतात. त्या वाटांच्या तोंडाशी रसवंती, खेळण्यांचे गाडे, मोटरसायकली काही लागू देऊ नका.

एकेक घोडा सोडण्यावर माझं थोडं वेगळं मत आहे. पहिल्या फेऱ्या सेकंदावर एकेकटेच घ्या, तिथं दादांचं बरोबर. फायनलला दोन घोडे सोडा, पण पट्टी १२ मीटर असेल तर मधोमध रिकामी जागा ठेवून दोन स्वतंत्र ओळी करा. आणि नियम एकच: आधी सुटलेला घोडा हाताला लागून, खाली उतरून, चालवत पूर्वेच्या वाटेला येईपर्यंत पुढचा सुटणार नाही. त्यासाठी दक्षिणेच्या टोकाला एक माणूस हिरवा आणि लाल झेंडा घेऊन उभा करा. हिरवा वर गेल्याशिवाय उत्तरेचा माणूस घोडा सोडणार नाही. शिट्टी वापरू नका, घोडा तिनंही उसळतो. फोनवर भरवसा नको, यात्रेत नेटवर्क बसतं.

कागदाचंही सांगतो. बैलांच्या शर्यतीला सर्वोच्च न्यायालयानं १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला, पण ते सगळं बैलांपुरतं आहे. पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, परवानगीत घोडे बसवता येत नाहीत. लोकांना बोलावून घोडे पळवायचे तर जनावरांच्या खेळासाठीच्या २००१ च्या नोंदणी नियमांत ते येतं आणि नोंदणी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडं होते. तहसील आणि पोलीस ठाण्याच्या अर्जात 'घोडे' असं स्पष्ट लिहा. पैज अजिबात नको. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सला परवाना असतो, तुमच्या रानाला १८८७ चा जुगारबंदी कायदाच लागू होतो. शिवाय पैज लागली की पैसे लावलेली माणसं शेवटच्या रेघेवर चढतात, मग कुठलाच कठडा पुरत नाही.

परिचारिका_औसा

माणसांच्या इलाजाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं लिहिते.

घोड्याची लाथ पोटात किंवा बरगडीवर बसली की माणूस दोन मिनिटांत उठून 'काही नाही झालं' म्हणतो. त्याला घरी सोडू नका. यकृत किंवा प्लीहा फाटली असेल तर रक्त आत साचत राहतं आणि तासा-दोन तासांनी घाम, चक्कर, गार हातपाय दिसतात. पोटावर नालाचा वण असेल तर थेट सोनोग्राफी असलेल्या दवाखान्यात न्या. पाणी, चहा, काही देऊ नका. पडलेल्या स्वाराला हाताला धरून उठवू नका, मान जशी आहे तशी धरून ठेवा. श्वास नीट चालत असेल तर त्याच्या डोक्यावरचं हेल्मेटही काढू नका. घोडा चावला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, मग धनुर्वाताचं इंजेक्शन. रेबीजच्या लसीचंही डॉक्टरांना विचारा, घोड्यालाही रेबीज होतो.

१०८ ची गाडी मागवायची पाळी येण्याआधी एक गाडी रानातच उभी ठेवा, तोंड रस्त्याकडं करून. ती सुरुवातीच्या टोकाला नको. पडझड जास्त होते ती थांबण्याच्या जागेत, म्हणून तिकडं पूर्वेच्या वाटेलगत. अधिकृत रेसकोर्सवर प्रत्येक शर्यतीत घोड्यांच्या मागोमाग आतल्या वाटेनं अँब्युलन्स धावते. आपल्याकडं तेवढं जमलं नाही तरी गाडी गेली की शर्यत थांबवायची, दुसरी गाडी येईपर्यंत घोडा सोडायचा नाही, हे कमिटीकडून आधीच कबूल करून घ्या.

ताई_उदगीर

शर्यतीच्या पट्टीपेक्षा जास्त लाथा बसतात त्या बांधलेल्या घोड्यांच्या. लोक शर्यतीच्या आधी घोडे बघायला जातात, लेकरू कडेवर असतं, मोबाइल दुसऱ्या हातात, आणि बरोबर शेपटीच्या मागून गल्ली काढतात. माळेगावच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात गेलेल्यांना ती गर्दी ठाऊक असेल.

घोडे माणसांपासून लांब, पूर्वेच्या धुऱ्याकडं बांधा, पण विहिरीपासून दूर. दोन घोड्यांत चार मीटर अंतर ठेवा. घोडी आणि नर घोडे एका ओळीत नकोत. घोडी माजावर असेल तर ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला येणार नाही हे बघा, नाहीतर नर आवरत नाहीत. ओळीमागून वाट ठेवायचीच असेल तर घोड्याच्या मागच्या पायापासून किमान चार मीटर सोडून दोरी बांधा. लाथ दोन मीटरपर्यंत पोचते, पण पिछाडीची, म्हणजे मागचे पाय बांधलेल्या दोरीची, मेख उपटली तर घोडा आणखी मागं येतो. अगाडी-पिछाडीच्या दोऱ्यांत लोकांचे पाय अडकतात, मेखांची डोकी चुन्यानं पांढरी करा.

जवळ जायचं झालं तर मालकाला विचारून, खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत. थेट कपाळावर हात न्यायचा नाही, तिथलं त्याला दिसत नाही. कान मागं चिकटले, मागचा एक पाय उचलून ठेवला किंवा शेपटी आपटायला लागला की बाजूला व्हायचं. खायला घालायचं नाही. गूळ-केळं देताना बोट दातात येतं, आणि शर्यतीच्या आधी पोट भरलेला घोडा पोटदुखीनं लोळतो.

लेकरांना शर्यतीच्या घोड्यावर 'एक फेरी' नको म्हणजे नको. पाय लहान असतो, तो पाय ठेवायच्या रिकिबीतून आरपार जातो, आणि लेकरू पडलं की फरफटत जातं. चाल दाखवायला घोडे फिरवणाऱ्यांना वेगळी जागा द्या आणि संध्याकाळी बाजाराच्या गल्लीतून रेवाल या झपाट्याच्या चालीनं घोडा काढायला मनाई करा.

फलकावर फार लिहू नका, कुणी वाचत नाही. मोठ्या अक्षरात चार ओळी पुरतात: 'घोडा गेला तरी जागा सोडू नका, मागून दुसरा येतो.' 'लेकराचा हात धरा, खांद्यावर बसवू नका.' 'घोड्याच्या मागून जाऊ नका.' 'छत्री, फुगा, पिपाणी, फ्लॅश, ड्रोन बंद.' बाकी सगळं स्पीकरवरून सांगा. खांद्यावर लेकरू नको याचं कारण, रेटा आला की माणसाचा तोल वरच्या वजनानं जातो.

धुऱ्यावरचा_लोहा

सगळ्यांचे मनापासून आभार. ३०० मीटर, माणसं पश्चिमेला, पहिल्या फेऱ्या एकेक, दोन कठडे, हे आज कमिटीला सांगतो. विहिरीला चारी बाजूंनी बल्ल्या आणि जाळी लावून तिथं एक माणूस बसवतो. पण दोन अडचणी आहेत. यात्रा खंडोबाची आहे. भंडारा उधळल्याशिवाय आणि हलगी वाजल्याशिवाय लोक ऐकणार नाहीत, आणि पोरांनी डीजेही ठरवलाय. आणि घोडा सुटलाच तर स्पीकरवाल्यानं काय बोलायचं?

पागेवाला_कंधार

डीजे पूर्ण बंद. त्याचा दणका घोड्याला कानानंच नाही, पायातूनही कळतो. हलगी चालेल, पण आधीपासून आणि एकसारखी, घोडे बांधलेल्या जागेपासून लांब. मध्येच थांबून अचानक कडाडली की घोडा उडतो. घोडे पळत असताना हलगीही थांबवा. फटाके नाहीत.

भंडारा हा घोड्याचा मान आहे, तो मोडू नका. खंडोबाचं वाहनच घोडा. शर्यतीच्या आधी पूजेच्या वेळी मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या, हातानं कपाळाला भंडारा लावा आणि लोकांनी देवळापुढं हवा तेवढा उधळावा. पट्टीच्या कठड्यावरून मात्र एक मूठही नको. ती पूड डोळ्यात-नाकात गेली की घोडा डोकं झटकतो, लगाम हातातून जातो. हे पुजाऱ्यांच्या तोंडून सांगा, कमिटीनं सांगितलेलं लोक ऐकत नाहीत.

घोडा सुटला तर स्पीकरवाल्यानं ओरडायचं नाही. हळू, एकसारख्या आवाजात तीनदा: 'घोडा सुटला आहे. जागेवर उभे राहा. हात हलवू नका. पट्टीत येऊ नका.' टॉवेल झटकत घेराव करणारे घोड्याला गर्दीत ढकलतात. त्याला पळू द्या, तो बहुतेक वेळा दुसऱ्या घोड्यांकडं, आपल्या जागेकडं वळतो. तिथं त्याचा ओळखीचा मोतद्दार तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीत, मूठभर हरभरा घेऊन उभा राहू दे, तोबरा खळखळ वाजवत. बाकीच्यांनी त्या वाटेतून बाजूला व्हायचं.

रस्त्याकडच्या दक्षिणेच्या धुऱ्यावर मात्र आधीच बंदोबस्त करा. तिथं बांबूचं फाटक, आत थोडं लांबवर कडब्याच्या पेंढ्यांची रांग, छातीएवढी. घोड्याला अडथळा लांबून दिसतो, तो वळतो, आणि वळला नाही तरी पेंढ्या लागून काही होत नाही. ट्रॉली किंवा ट्रॅक्टर आडवा लावू नका. फाटकाला साखळी अडकवा, कुलूप लावू नका, अँब्युलन्स त्याच वाटेनं जायची आहे. फाटकावर बसणाऱ्या दोघांना शर्यत संपेपर्यंत उठायचं नाही हे सांगून त्यांचं जेवण तिथंच पोचवा.

पटवाला_सेलू

एक राहिलं. आदल्या दिवशी संध्याकाळी, टँकर यायच्या आत, दोन घोडे रिकाम्या रानात नुसत्या दुडकीवर वरून खालपर्यंत नेऊन बघा. घोडा जिथं कान टवकारून बाजूला सरकतो ती जागा खुणेची. तिथं काहीतरी आहे: पत्रा, पाण्याच्या पाइपचं तोंड, झाडाला अडकलेली पिशवी. ते त्याच वेळी काढून टाका.